सदसद्विवेकाचे वाङ्मय

महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात धर्माचा एक रकाना असतो. तो भरताना आपल्या मुलामुलींना फारसा विचार करावा लागत नाही. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर जे लिहिलेले असते तेच तेथे उतरते. पुढे मुलगा वसतिगृहात राहून पदवी घेऊन घरी परततो, तेव्हा आईवडिलांना काळजी वाटते ती त्या रकान्यातला शब्द पुसला तर गेला नाही ना, याची. रविवारी मिस्सेला जातोस का, रात्री प्रार्थना करतोस का, या प्रश्नांना होकार मिळाला की घर निश्चिंत होते. त्या शब्दाने त्याच्या आत काय काम केले, कोणती गोष्ट त्याला असह्य वाटू लागली, कशासाठी स्वतःचे नुकसान सोसण्यास तो तयार झाला, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

धार्मिक ओळख आणि व्यक्तीची स्वतःची मूल्ये यांच्या नात्याविषयी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन पुष्कळ संशोधन झालेले आहे. त्याचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रश्नावलीत ‘सत्य’ किंवा ‘दया’ या शब्दांपुढे खूण करणाऱ्याला त्या खुणेची किंमत मोजावी लागत नाही. जेथे ती किंमत मोजली गेली अशा लेखनाकडे साहित्याच्या अभ्यासकाने वळावे, असे आम्हांस वाटते. असे लेखन जर्मनीतील म्युनिक विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी १९४२ आणि १९४३ साली केले. ‘पांढरा गुलाब’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची सहा पत्रके, आणि त्यांच्या मागे उरलेल्या रोजनिशा व पत्रे, यांचे वाचन येथे मांडत आहोत.

प्रथम थोडा इतिहास. हान्स शॉल, अलेक्झांडर श्मोरेल, विली ग्राफ आणि ख्रिस्तोफ प्रोब्स्ट हे वैद्यकाचे विद्यार्थी. हान्सची धाकटी बहीण सोफी ही जीवशास्त्र व तत्त्वज्ञान शिकण्यासाठी १९४२ च्या मे महिन्यात म्युनिकला आली. कुर्ट हूबर हे त्याच विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पहिली चार पत्रके १९४२ च्या जून-जुलैत हान्स व श्मोरेल यांनी लिहिली आणि प्रत्येकी सुमारे शंभर प्रती टपालाने पाठविल्या. त्यानंतर हान्स, श्मोरेल आणि ग्राफ यांना काही महिने रशियाच्या आघाडीवर वैद्यकीय सेवेसाठी जावे लागले. परतल्यावर, १९४३ च्या जानेवारीत, पाचवे पत्रक हजारोंच्या संख्येने निघाले. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत सहावे पत्रक वाटताना हान्स व सोफी यांना तेथील शिपायाने पकडून दिले. २२ फेब्रुवारीला त्या दोघांचा आणि प्रोब्स्टचा खटला चालला, आणि त्याच दिवशी तिघांचा शिरच्छेद झाला. सोफी तेव्हा एकवीस वर्षांची होती. श्मोरेल आणि प्रा. हूबर यांना १३ जुलैला व विली ग्राफला १२ ऑक्टोबरला मृत्यू आला.

आता यांच्या धर्माचा रकाना पाहू. शॉल भावंडे लुथरन होती. त्यांची आई विवाहापूर्वी त्या पंथाची सेवाभगिनी होती. ग्राफ आणि प्रा. हूबर कॅथलिक. श्मोरेलचा जन्म रशियातला आणि स्नानसंस्कार ऑर्थोडॉक्स. प्रोब्स्टचा तर स्नानसंस्कारच झालेला नव्हता. म्हणजे सहा माणसे आणि रकान्यातील उत्तरे चार. उलट बाजूला काय होते? १९३९ च्या जर्मन जनगणनेत शंभरातील सुमारे चौऱ्याण्णव माणसांनी स्वतःची नोंद प्रॉटेस्टंट किंवा कॅथलिक म्हणून केली होती. हिटलरची राजवट सहा वर्षे चालल्यानंतरची ही नोंद आहे. म्युनिक ज्या बव्हेरियात आहे तो प्रांत तर पूर्वापार कॅथलिक. १९३३ च्या मे महिन्यात जर्मन विद्यापीठांच्या गावी पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, त्या पेटवण्यात पुढाकार विद्यार्थी संघटनांचा होता. आणि ज्या दिवशी शॉल भावंडांचा शिरच्छेद झाला त्याच संध्याकाळी विद्यापीठाच्या सभागृहात विद्यार्थ्यांची सभा भरून, त्यांना पकडून देणाऱ्या शिपायाचा जयजयकार करण्यात आला. टाळ्या देणाऱ्या हातांपैकी बहुतेकांनी लहानपणी क्रुसाची खूण शिकलेली असणार.

ही गोष्ट कॅथलिक वाचकाला बोचणारी आहे आणि ती बोचू द्यावी. धर्माची ओळख माणसाला मूल्ये आपोआप देत नाही, हे विधान एरवी आपण मान हलवून ऐकतो. येथे त्याचा पुरावा समोर उभा राहतो.

पत्रकांकडे वळताना एक गोष्ट प्रथमच लक्षात येते. पहिली चार पत्रके ही बहुश्रुत विद्यार्थ्यांची रचना आहे. पहिल्यात गटे आणि शिलर यांचे उतारे येतात, दुसऱ्यात लाओ त्से, तिसऱ्यात ॲरिस्टॉटल, चौथ्यात पवित्र शास्त्रातील ‘उपदेशक’ हा ग्रंथ आणि कवी नोव्हालिस. वाक्ये लांब आहेत, आवेश कधीकधी व्यासपीठावरचा आहे, आणि आपला वाचक ग्रंथालयात वाढला आहे असे गृहीत धरलेले आहे. पत्ते निवडले गेले तेही मुख्यतः शिकल्यासवरलेल्यांचे. निव्वळ प्रचारसाहित्य म्हणून हे दोषच मानावे लागतील. कारखान्यातील कामगाराच्या हाती हा कागद पडला असता तर त्याने तो अर्ध्यावरच ठेवला असता. पण आमच्या मते या दोषातच पत्रकांचा खरा अर्थ आहे. जे शिकविले गेले ते खरे मानून बसलेली ही मुले होती. ज्या ग्रंथांवर प्राध्यापक परीक्षा घेत होते, त्या ग्रंथांचा हिशेब ती प्राध्यापकांकडे मागत होती.

दुसरे पत्रक सर्वांत धाडसी आहे, आणि वाचायला सर्वांत अवघड. पोलंड जिंकल्यापासून तेथे तीन लाख ज्यूंची हत्या झाली आहे, हे त्यात उघड शब्दांत लिहिले आहे. ज्या देशात हे कुजबुजत बोलण्याचीही भीती होती तेथे ते टंकलिखित होऊन टपालात पडले. परंतु लगेच पुढे लेखक एका आक्षेपकाला बोलावतो: ज्यूंवर हे ओढवले ते योग्यच झाले, असे म्हणणारा कोणी निघाला तर? असे म्हणणे ही भयंकर उद्दामपणाची गोष्ट होईल असे तो बजावतो; तरीही त्या आक्षेपकासाठी, मग पोलंडच्या सरदार घराण्यांतील तरुणांच्या संहाराचे काय, असा दुसरा दाखला पुढे करतो. हा युक्तिवाद आज वाचताना खटकतो. ज्यूंची हत्या एवढे एकच कारण पुरेसे ठरू नये? आमचे म्हणणे असे की येथे लेखकाचे मन डळमळलेले नाही. त्याने आपल्या वाचकाचे मन ओळखले आहे. पाकीट उघडणारा डॉक्टर किंवा शिक्षक हा सुसंस्कृत आणि स्नानसंस्कारित असूनही शेजाऱ्याच्या हत्येने हलणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्या दुसऱ्या दाखल्यात एका समाजाच्या विवेकाची दुर्दशा नोंदली गेली आहे. मोठमोठ्या निबंधांतही ती इतकी स्पष्ट दिसत नाही.

चौथ्या पत्रकात धर्माची भाषा सर्वांत दाट आहे. सैतानी शक्ती, ख्रिस्तविरोधक, माणसाचे देवापासून तुटणे हे शब्द तेथे येतात; आणि अखेरीस, आम्ही गप्प बसणार नाही, आम्ही तुमचे टोचणारे मन आहोत, अशा आशयाचा इशारा. पाचव्या पत्रकात मात्र सूर पालटतो. ‘पांढरा गुलाब’ हे नाव गळून पडते, उतारे नाहीसे होतात, वाक्ये आखूड होतात. भाषणस्वातंत्र्य, धर्मश्रद्धेचे स्वातंत्र्य, आणि जुलमी राज्यसत्तेपासून प्रत्येक नागरिकाला संरक्षण, या पायावर नवा युरोप उभा राहावा अशी सरळ मागणी केलेली आहे. काही वाचकांना या बदलात श्रद्धेकडून राजकारणाकडे झालेला प्रवास दिसतो. आम्हांस तसे वाटत नाही. चौथ्या आणि पाचव्या पत्रकांच्या मध्ये रशियाची आघाडी आहे, आणि वाटेत वॉर्सा येथे पाहिलेली ज्यूंची कोंडलेली वस्ती आहे. जे आधी धर्माच्या भाषेत समजले होते ते आता शेजाऱ्याच्या हक्कांच्या भाषेत सांगायचे होते, आणि तेही देवाचे नाव न घेणाऱ्याला कळेल असे. मूल्य पक्के झाले की त्याला स्वतःच्या उगमाचा उच्चार प्रत्येक ओळीत करावा लागत नाही.

सहावे पत्रक प्रा. हूबर यांनी लिहिले. त्यातून एक वाद झाला, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हूबर हे राष्ट्राभिमानी गृहस्थ. जर्मन सैन्याचा गौरव करणारे आणि त्याला साथ द्या असे सांगणारे वाक्य त्यांनी मसुद्यात घातले होते. हान्स आणि श्मोरेल हे ती आघाडी पाहून आले होते. त्यांनी ते वाक्य काढून टाकले, आणि हूबर रागावून निघून गेले. तरीही तेच पत्रक छापले गेले आणि त्यासाठीच हूबर यांनी प्राण दिले. आपल्या धर्मग्रामात एकमत झाल्याशिवाय काम होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

मग या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ओळखीचे मूल्य कसे झाले? उत्तराचा मोठा भाग त्यांच्या वाचनात सापडतो. या त्रैमासिकाच्या वाचकांना ऐकून समाधान वाटेल की त्या वाटेवर एक कॅथलिक वाङ्मयीन नियतकालिक उभे होते. कार्ल मूथ यांनी १९०३ साली ‘होखलांड’ सुरू केले. कॅथलिक लेखनाला केवळ भाविक म्हणून सूट न मिळता ते साहित्य म्हणूनही कसाला उतरावे, असा त्यांचा आग्रह. राजवटीने १९४१ साली ते बंद पाडले. त्याच वर्षी ओटल आयखर या कॅथलिक मित्रामुळे हान्स मूथ यांच्या घरी पोहोचला आणि त्या वृद्ध संपादकाच्या ग्रंथसंग्रहाची यादी करू लागला. यादी करता करता वाचन झाले, वाचन करता करता बोलणे झाले. तेथेच थिओडोर हेकर भेटले. त्यांनी न्यूमनचे लेखन जर्मन भाषेत आणले होते, आणि जाहीर भाषण करण्यास त्यांना बंदी होती. विद्यार्थ्यांच्या खासगी बैठकीत ते आपले लेखन वाचून दाखवीत. हिटलरच्या तरुण संघटनांत एके काळी उत्साहाने मिरवलेली शॉल भावंडे अशा घरांतून दुसऱ्याच शाळेत शिकली. सोफीच्या हाती संत ऑगस्टिनचे आत्मकथन होते. आणि तिचा मित्र फ्रिट्झ हार्टनागेल १९४२ मध्ये पूर्व आघाडीवर जाण्यास निघाला तेव्हा तिने त्याला न्यूमनच्या प्रवचनांचे दोन खंड दिले.

या संदर्भात बिशप फॉन गालेन यांचे नाव घेतलेच पाहिजे. १९४१ च्या उन्हाळ्यात म्युन्स्टरच्या या धर्माध्यक्षांनी तीन प्रवचने दिली. तिसऱ्यात मनोरुग्णांच्या सरकारी हत्येचा उघड निषेध होता. त्यांच्या हातोहात फिरणाऱ्या प्रती शॉल कुटुंबाच्या टपालपेटीतही येऊन पडल्या. कोणीतरी अखेर बोलले याचा हान्सला झालेला आनंद, आणि असे छापण्याचे यंत्र आपल्याजवळ हवे हा त्याचा उद्गार, बहीण इंगे शॉल हिने नोंदविला आहे. धर्मगुरूचा एक शब्द विद्यार्थ्याला कोठवर नेऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे. मात्र ज्यूंच्या संहाराविषयी तशी प्रवचने त्या व्यासपीठावरून झाली नाहीत, हेही येथे लिहिले पाहिजे. ते वाक्य विद्यार्थ्यांनी लिहिले. बिशप गालेन यांना ख्रिस्तसभेने २००५ मध्ये धन्य घोषित केले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही हा फरक झाकण्यात काही हित नाही.

आम्हांस सर्वाधिक विचारात पाडतो तो विली ग्राफ. सहा जणांत तोच असा, की ज्याची धार्मिक ओळख लहानपणापासून एकसंध होती. कॅथलिक युवक मंडळात तो वाढला. हिटलरच्या तरुण संघटनेत जाण्यास त्याने नकार दिला, आणि जे मित्र गेले त्यांची नावे त्याने आपल्या पत्त्यांच्या वहीतून खोडली. बंदी असलेल्या युवक गटात राहिल्याबद्दल १९३८ साली त्याला कैदही झाली. येथवर कोणी म्हणेल की ही ओळखीची ताकद. आपल्या माणसांत राहिला म्हणून तो वाचला. परंतु १९४३ च्या आरंभी तो बॉन, सारब्रुकेन, फ्रायबुर्ग अशा गावी जाऊन त्याच जुन्या कॅथलिक सोबत्यांना साथ देण्याची विनंती करीत फिरला, तेव्हा बहुतेकांनी नकार दिला. त्यांनी त्याला पकडून दिले नाही, त्याचा तिरस्कारही केला नाही. ती वाईट माणसे नव्हती. एकच प्रार्थना म्हणत, एकाच वाटेने डोंगर चढत ते सारे मोठे झाले होते. एका टप्प्यापर्यंत ओळख सर्वांना घेऊन आली. त्यापुढे प्रत्येकाला एकट्याने जायचे होते, आणि थोडेच गेले.

ग्राफचे लेखन थोडे आहे. रोजनिशीतील नोंदी त्रोटक, पत्रे संयमी. हान्सचा आवेश किंवा सोफीची आर्त प्रार्थना तेथे सापडत नाही. साहित्य म्हणून ही पाने दुय्यम ठरविण्याचा मोह समीक्षकाला होईल. पण एप्रिलमध्ये मृत्युदंड झाल्यावरही त्याला सुमारे सहा महिने जिवंत ठेवले होते, ते इतरांची नावे काढून घेण्यासाठी. आणि त्याने ती दिली नाहीत. ज्या तरुणाने एकदा वहीतून नावे खोडली, त्यानेच नंतर नावे जपली. त्याच्या त्रोटक नोंदींचा खरा शेवट या मौनात आहे. २०१७ साली म्युनिकच्या महाधर्मप्रांताने त्याच्या संतपदाच्या दिशेने पहिली पावले टाकली.

या विद्यार्थ्यांवर नंतर झालेल्या लेखनात दोन प्रकारची ओढाताण आम्हांस दिसते. एका प्रकारात ती केवळ स्वातंत्र्यवीर होतात. ऑगस्टिन, न्यूमन, प्रार्थना हे सारे तपशील म्हणून बाजूला सारले जाते. दुसऱ्या प्रकारात त्यांना एखाद्या पंथाच्या नावावर चढविले जाते. शॉल भावंडे कॅथलिक होण्याच्या वाटेवर होती असे आमच्यापैकी काहीजण मोठ्या आस्थेने सांगतात. वस्तुस्थिती अशी की त्यांनी अखेरचे प्रभुभोजन लुथरन धर्मगुरूच्या हातून घेतले. प्रोब्स्टचा स्नानसंस्कार तुरुंगात, मृत्यूच्या दिवशी, कॅथलिक धर्मगुरूच्या हातून झाला; तेव्हा तो तीन लेकरांचा पिता होता. श्मोरेलला रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने २०१२ साली संत म्हणून गौरविले. प्रत्येकाने आपली ओळख शेवटपर्यंत स्वतंत्र ठेवली, किंवा शेवटी स्वतः निवडली. ती पुसून टाकणे जेवढे चुकीचे, तेवढेच ती आपल्या दाखल्यावर उतरवून घेणेही.

न्यूमनने १८५२ साली डब्लिन येथे विद्यापीठाच्या संकल्पनेवर व्याख्याने दिली. ज्ञान वेगळे आणि सद्गुण वेगळा, सभ्य गृहस्थ घडविणे आणि ख्रिस्ती माणूस घडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्याने त्यांत बजाविले आहे. हा इशारा विद्यापीठासाठी आहे तसा धर्मग्रामासाठीही आहे, असे आम्ही म्हणू. शिस्तीने मिस्सेला येणारा सभ्य मुलगा घडविणे आपल्याला साधते. विवेकी माणूस घडतो तो निराळ्या प्रक्रियेने. न्यूमनच्या लेखी सदसद्विवेकबुद्धी म्हणजे स्वतःची आवडनिवड नव्हे. ती माणसाच्या आत बोलणारी, माणसाहून मोठ्या सत्तेची वाणी आहे. आज ‘माझी मूल्ये’ हा शब्द आपली मुले सहज वापरतात आणि वडील माणसे त्याला ‘आपला धर्म’ असे उत्तर देतात. दोघांच्याही हातून मधला दुवा निसटतो. विवेकावाचून धर्म हा शिक्का होतो, आणि मूल्ये ही हौस.

मुलांच्या हातात काय द्यावे, हा प्रश्न मग उरतोच. म्युनिकचे उदाहरण अनुकरणासाठी नाही. तशी वेळ आपल्या मुलांवर न येवो. पण त्यातून तीन साध्या गोष्टी हाती लागतात. ज्या घरात एक वृद्ध माणूस आणि पुस्तकांनी भरलेली भिंत आहे, त्या घराचे दार विद्यार्थ्यांसाठी उघडे असावे. पंथ आणि धर्म यांच्या पलीकडची मैत्री ही श्रद्धेला लागलेली गळती समजू नये. श्मोरेल आणि ग्राफ एकमेकांना भेटल्याने कोणाचीच श्रद्धा पातळ झाली नाही. आणि मुलाने अवघड प्रश्न विचारला की तो रकाना पुसतो आहे असे न समजता, तो प्रथमच स्वतःच्या हस्ताक्षरात भरतो आहे, हे ओळखावे.

शिरच्छेदाच्या दिवशी ग्राफने तुरुंगातील धर्मगुरूंना आपल्या धाकट्या बहिणीसाठी निरोप सांगितला. आपली आठवण ठेवावी, आणि जे सुरू केले ते मित्रांनी पुढे न्यावे, असा त्याचा आशय होता. मित्र म्हणजे कोण, हे त्याने सांगितले नाही. नकार देणारे जुने सोबतीही त्यात आले असावेत, असे आम्ही समजतो.